पिपरीच्या विहिरीतलं यंत्र

१४ मे. गच्चीवरची पाण्याची टाकी उपसून घासायला घेतली आहे. तळाचा गाळ दिसावा म्हणून टॉर्च आत सोडला, पाणी खालून उजळलं आणि पिपरी मेघेतली ती विहीर जशीच्या तशी समोर आली. टाकी वाळेपर्यंत लिहून काढते. नावं कोणाचीच देत नाही.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होते. बंदोबस्ताची वाटणी उरकली होती. दुपारी एक तिशीतली मुलगी आली. अंदमानात पर्यटकांना समुद्रात बुडी मारायला शिकवायची, सुट्टीवर घरी आलेली. सकाळी बँकेत जाऊन येईपर्यंत घरातून डाइव्ह कॉम्प्युटर चोरीला गेला, अशी तिची तक्रार होती.

"म्हणजे लॅपटॉप?" ठाणे अंमलदारांनी विचारलं.

"नाही. मनगटावर बांधतात. घड्याळासारखा."

"मग घड्याळ म्हना ना, ताई. लिहाले सोपं."

मी तिला बसवून नीट समजावून घेतलं. वस्तू काय आहे हे कळल्याशिवाय ती कोण उचलेल हे कळत नाही. खोल पाण्यातून वर येताना थांबत थांबत यावं लागतं, नाहीतर रक्तात बुडबुडे होतात. माणूस लुळा पडतो किंवा जातो. कुठे किती थांबायचं हे यंत्र सांगतं. पाण्यात गेलं की आपणहून सुरू होतं. ती आता आणखी खोल उतरायची परीक्षा देणार होती. तिथे साध्या हवेने डोकं गुंगतं, म्हणून सिलिंडरमध्ये हेलियम मिसळतात. तिच्या जुन्या यंत्राला हेलियमचा हिशेब येत नव्हता.

नवं निवडायला तिने वर्ष घातलं होतं. देखणी यंत्रं तिने बाजूला काढली. पाण्याखालीच एका मिश्रणावरून दुसऱ्यावर जाता यावं, हातमोजे घालून बटण दाबता यावं, गढूळ पाण्यात पडदा वाचता यावा आणि कुठल्याही बंदरावर मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर ते चालावं, एवढंच तिने पाहिलं. मला मुलगी आवडली.

"नाही सापडलं तर?"

"उद्या सकाळी निघायचं आहे, मॅडम. जुनं नेईन. त्यावर फक्त खोली आणि वेळ बघायची, थांबे पाटीवर लिहून न्यायचे."

"आणि खाली ठरल्यापेक्षा उशीर झाला तर?"

तिने तक्रारीचा कागद माझ्यापुढे सरकवला. माझ्या हातात फक्त ती संध्याकाळ होती.

घरात रंगकाम चालू होतं, म्हणून पहिला संशय पेंटरवर. त्याला अख्ख्या गल्लीदेखत जीपमध्ये बसवून आणलं. सामानात ब्रश आणि डबे, दुसरं काही नाही.

"मॅडम, मले चोराचंच असतं तं काटे असलेलं घड्याळ चोरलं असतं," तो म्हणाला. "त्याले तं काटेबी नाईत."

त्याला घरी सोडलं, पण संशय काही सोडला नाही.

दिवेलागणीला पंचनाम्यासाठी त्या घरी गेले. वडील हयात नव्हते. आई आणि मुलगी दोघीच. आईने, म्हणजे काकूंनी, चहा ठेवला, पंखा लावला, पण विचारलं काहीच नाही. चोरी झालेल्या घरात बायका आम्हाला प्रश्न विचारून हैराण करतात.

"काकू, सापडेल," मी म्हटलं.

"सापडून काय फायदा? बंद पडलं असन ते आता."

वस्तू कोणी नेली, कुठे विकली, यावर लोक तर्क लढवतात. ती बंद पडली असेल असं कोणी म्हणत नाही. मी पुढचं विचारणार तोच परसातून शेजारीण ओरडली, "मॅडम, या वो इकडे! विहिरीत लाईट लागून राह्यला!"

काकू ताडकन उठल्या. "अजून चालूच हाये?"

तपास तिथेच संपला.

सोबतचा शिपाई बादल्या काढायचा गळ शोधायला गेला, तोवर काकू पायरीवर बसून बोलल्या. "मागच्या साली मोबाइल पान्यात पडलता. तांदळात ठेवला, तरी नाई उठला. म्हटलं, हेबी मरन. यंत्र नाई तं पोरगी जानार नाई."

"काकू, ती जाणारच आहे. जुनं घेऊन."

हे त्यांना ठाऊक नव्हतं. "काऊन वं, जुनं घेऊन जाशील?" एवढंच त्या मुलीला म्हणाल्या. मुलगी रागाने तोंड फिरवून विहिरीत बघत राहिली.

गळात पट्टा अडकला. शिपायाने भराभर दोर ओढला तसं ते यंत्र पाण्यातच थरथरायला लागलं, पडदा लाल झाला.

"हळू! हळू घ्या!" मुलगी किंचाळली. शिपाई दोर धरून तसाच उभा राहिला. मग तिलाच हसू फुटलं. "सवय आहे. ओढा तुम्ही."

"काय म्हनते ते?" काकूंनी विचारलं.

"इतक्या घाईनं वर येऊ नको म्हनते."

"तुलेबी असंच सांगते?"

"दर वेळी, आई. खाली तं मी अशीबी जाते. हे मले वर आनते."

काकूंनी ते हातात घेतलं आणि पदराने पुसलं. पडद्यावर बुडीची वेळ अजून चालू होती. मुलगी बँकेत गेली होती तेव्हापासून ते विहिरीत बुडी मारून बसलं होतं. मला हसू आवरेना. इतक्या हलक्या मनाने मी दुसऱ्या कोणत्याच पंचनाम्यावरून परतले नाही.

वस्तू गेली की ती कोणाला हवी होती, हे आम्ही आधी शोधतो. त्यानंतर मी हेही विचारू लागले, की ती वापरलीच जाऊ नये असं कोणाला वाटतं. मुलाने गाडी चालवू नये म्हणून हेल्मेट लपवणारे बाप मी पुढे पाहिले. मुलगा गाडी चालवतोच, फक्त उघड्या डोक्याने.

परीक्षा झाल्यावर काकूंचा फोन ठाण्यावर आला. "वर आली वो, मॅडम. थांबत थांबत आली."

पण त्याआधी, पंचनाम्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तक्रार मागे घेण्याच्या अर्जावर सही घ्यायला मी बस स्थानकावर गेले. काकू मुलीची बॅग तपासत होत्या.

"जुनंबी घेतलं का? एक बंद पडलं तं?"

"घेतलं, आई."

"दाखव."

सही घेऊन मी तडक पेंटरच्या गल्लीत गेले. जीप मध्यभागी उभी केली, हॉर्न वाजवला, आणि लोक दारात आल्यावर मोठ्याने सांगितलं, की वस्तू मालकिणीच्याच विहिरीत सापडली, पेंटरचा काही संबंध नाही.