बचनागाचा लेप

"दाढा उगीच काढल्या," मालकांचं तोंड तपासून सांगलीचे डॉक्टर म्हणाले. "दुखणं दातांचं नाहीच. याला ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया म्हणतात." मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. चेहऱ्याचा स्पर्श मेंदूला कळवणारी एक शीर असते, तीच बिघडते. वारा लागला, घास चावला, नुसतं बोललं, तरी गालात वीज शिरल्यासारखी कळ येते. माणूस यानं मरत नाही. पण खात्रीचं औषधही नाही.

मालक म्हणजे माझे यजमान. दुसरी मोठी लढाई संपल्यावर पलटणीतून धडधाकट घरी आले. कोरेगावजवळ आमचा ऊस होता, लेक सिंधू लग्नाची झाली होती. पहिली कळ न्याहारीला, भाकरीच्या घासासरशी आली. साताऱ्यात दाढा काढून घेतल्या, पण कळ तिथंच राहिली. पुढं दाढी करणं सुटलं, जेवण सुटलं, शेवटी बोलणंही.

सांगलीच्या डॉक्टरांनी गुंगीचं औषध दिलं. शिरेत अल्कोहोलचं इंजेक्शन देता येतं, म्हणाले, पण निम्मा चेहरा बधिर होईल आणि डोळाही जाऊ शकेल. मालकांनी मानेनंच नाही म्हटलं.

औंधच्या एका वैद्यांनी बचनागाचा लेप दिला. बचनाग हे विषारी मूळ. ते शुद्ध करून तेलात कालवलेलं होतं. त्यांनी दोनदा बजावलं, "धडक्या कातडीवर, बोटभर. तोंडात नको, जखमेवर नको. हात धुवा."

लेपानं गुण आला, हे मी लपवणार नाही. गालाला मुंग्या येत, मग तो भाग बधिर होई. त्या अवधीत मालक पेज पीत, सिंधूला हाक मारीत. घरात पुन्हा माणूस असल्यासारखं वाटे.

सिंधूची सुपारी फोडायला शिरवळचे पाहुणे येणार होते. त्या सकाळी कळ थांबेना. बापानं मुकं बसायचं, हे त्यांना सोसवेना. दाढ काढलेल्या एका जागी हिरडी अजून भरली नव्हती, तिथंच त्यांनी लेप चोळला. पाहुण्यांशी ते बोलले, हसलेसुद्धा. मग ओठ जड झाले, उलट्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले. पाहुण्यांनीच बैलगाडी जुंपून त्यांना कोरेगावच्या डॉक्टरांकडं नेलं.

नाडी चुकत होती. डॉक्टरांनी अ‍ॅट्रोपीन टोचलं. मंदावलेलं हृदय चालतं ठेवणारं हे औषध. तेही धोतऱ्याच्या जातीच्या झाडातून काढतात, असं त्यांनी मागाहून सांगितलं. "बचनाग वाईट नाही," ते म्हणाले, "पण औषधात नि विषात तिथं फार थोडं अंतर असतं." मालक वाचले. सुपारी राहिली, पाहुणे पुन्हा आले नाहीत.

त्यानंतर सांगलीला जाऊन इंजेक्शन घेतलं. निम्मा चेहरा मेला, पण कळ गेली. त्या काळात सिंधूचं दुसरीकडं लग्न उरकलं. वर्ष सरलं आणि कळ परतली. दुसऱ्या इंजेक्शनानं डोळ्यात फूल पडलं, तो कायमचा गेला. कळ मात्र थोड्याच दिवसांनी पुन्हा आली. आता आणखी काही करण्यासारखं नाही, असं डॉक्टरांनी हळूच सांगितलं.

एकदा मालक म्हणाले, "त्या दिशी मला कोरेगावला न्यायाला नको हुतं गं."

मी म्हणाले, "मग मी कुनाकडं बघायचं?"

त्यांचंही खोटं नव्हतं.

ज्यांच्या घरी असं दुखणं येईल त्यांना सांगते, चांगले दात काढू नका. झाडपाल्याला नावं ठेवू नका आणि त्याला गरीबही समजू नका. घ्यायचाच झाला, तर देणाऱ्याचा शब्द मोडू नका. आणि दुखणाऱ्याला "सोसा" म्हणू नका. मी म्हणत होते, आता म्हणत नाही.

बरं होण्याची वाट बघणं मी सोडलं आहे. कळ जरा थांबली की पेजेची वाटी पुढं करते. दोन घोट पोटात गेले, की तो दिवस चांगला म्हणते.