अक्काच्या पाणंदीचा मुरूम

लढाई संपून पलटणीतून घरी आलो, तेव्हा मला नीट येत होतं असं एकच काम होतं, लॉरी चालवणं. रहिमतपूरजवळ नदीकाठाला आमचा ऊस होता, पण तो थोरला भाऊ बघत होता आणि त्याचं माझ्यावाचून काही अडत नव्हतं. चार महिने घरी बसून खाल्लं. मग कळलं, साताऱ्याच्या पुढं मोठ्या रस्त्यावर डांबर टाकायचं काम चाललंय आणि कंत्राटदारानं लष्कराच्या लिलावातून दोन टिपर घेतलेत. मी गेलो. त्यांनी एक फेरी मारून दाखवायला सांगितली आणि ठेवून घेतलं.

गाड्या अमेरिकन होत्या. स्टिअरिंग डाव्या अंगाला, रंग अजून लष्कराचा हिरवा. मागचा लोखंडी हौदा पंपाच्या जोरावर उचलला जायचा आणि खडी आपोआप खाली घसरायची. तोवर खडी बैलगाडीतून यायची आणि घमेल्यानं उतरायची. नागठाण्याजवळ पहिल्यांदा हौदा वर गेला तेव्हा कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "आवं, ह्यो एवढा वर गेल्यावर गाडी मागं उलटायची न्हाई का?" मी हसलो. पण पहिल्या दिवशी ती भीती मलाही वाटली होती.

दुसऱ्या टिपरवरचे ड्रायव्हर सांगलीचे होते. वयानं पन्नाशीकडचे, म्हणून सगळे त्यांना मामा म्हणायचे. लढाईच्या काळात पेट्रोल मिळेना तेव्हा त्यांनी कोळशाच्या गॅसवर चालणारी प्रवाशांची सर्व्हिस मोटार हाकली होती. त्यांना इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं कळायचं. मला मात्र वाटायचं, मी इटलीच्या डोंगरात बर्फावरून गाडी चालवली, मला हे काय शिकवणार.

ते खूळ माझ्या डोक्यातून एका बाईनं काढलं. खडी पसरणाऱ्या बायांची ती मुकादम. वडूजकडच्या कोरडवाहू गावातली, चाळिशीची, उंच, हाडापेरानं मजबूत. तिला सगळे अक्का म्हणायचे. मी माझी पहिली खेप रस्त्यावर आणून एका जागी धाडकन ओतली. छातीएवढा ढीग झाला. अक्का ढिगाकडे बघत राहिली आणि मग माझ्या खिडकीपाशी आली.

"डायवर, ह्यो डोंगर कुणी पसरायचा?"

"तुमीच की. तुमचं कामच हाय त्ये."

"आमचं काम खडी सारखी करायचं हाय, तुजी घाण काढायचं न्हाई. मामांची गाडी बघ जा कशी रिती हुती ती."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी गेलो आणि बघितलं. मामा मागच्या फळीची साखळी थोडी ढिली ठेवायचे, गाडी पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलानं पुढं घ्यायचे आणि चालता चालताच हौदा उचलायचे. गाडीमागं खडीचा सारखा थर पडत जायचा. बायांनी वरवर फावडं मारलं की झालं, लगेच मागून रोलर. मला ते जमायला पंधरा दिवस लागले. मामांनी शेजारी बसून शिकवलं, पण अक्काचा टोमणा नसता तर मी त्यांना विचारलं नसतं.

हौदा वर असताना त्याच्याखाली जायचं तर आधी लाकडाचा टेकू लावायचा, हा मामांचा नियम होता. रेल्वेच्या स्लीपरचा एक तुकडा दोन्ही गाड्यांत मिळून वापरायचो. एके दिवशी खाणीत माझी गाडी उतारावर उभी होती. चाकाला अडण हवी म्हणून मी तो तुकडा चाकाखाली घातला आणि गाडी भरल्यावर तिथंच विसरून आलो.

त्याच दिवशी दुपारी मामांच्या गाडीचा हौदा वर जाऊन अडकला. खडी पडून गेली होती, पण हौदा खाली येईना. मागं डांबराची पिंपं तापलेली, माणसं खोळंबलेली. मामांनी टेकू शोधला. सापडला नाही. "बगतो जरा," म्हणाले आणि पाना घेऊन हौदा नि चासीच्या मध्ये वाकले. मी माझ्या गाडीतून उतरत होतो. टेकू कुठे आहे हे त्या क्षणी मला आठवलं. मी ओरडायला तोंड उघडलं तोवर तेलाची नळी सुटली. तेल फवाऱ्यासारखं उडालं आणि हौदा खाली बसायला लागला.

तो धाडकन आला नाही, दाबत दाबत आला. मामा मागं सरकले, पण डावा हात आत राहिला. त्यांची किंकाळी मी अजून विसरलेलो नाही. मी धावलो आणि दोन्ही हातांनी हौदा वर रेटायला लागलो. आता विचार केला की कळतं, त्यानं काय होणार होतं! अक्का कडेला मुरूम ठोकत होती. तिच्या हातात धुमस होती, खाली लोखंडी तळ असलेलं ते जाड लाकडी ठोकणं. तिनं मला कोपरानं बाजूला ढकललं, धुमस चासीवर उभी धरली आणि हौद्याच्या फटीत घुसवली. लाकूड कडकडलं, पण मोडलं नाही. हौदा थांबला.

"पहारी आणा! बगत काय हुबं ऱ्हायलाय?" ती गरजली.

आठ-दहा जणांनी पहारी लावून हौदा वीतभर उचलला तेव्हा मामांचा हात निघाला. कोपराशी चुरा झाला होता. माझ्या गाडीत अर्धी खडी होती, ती तिथंच ओतली आणि मामांना शेजारी बसवून साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत ते कानडीत काहीतरी पुटपुटत होते. त्यांची आई कानडी होती, हे मला नंतर कळलं.

हात वाचला, पण वाकायचा बंद झाला. आठवड्यानं मी भेटायला गेलो. बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. मग म्हणालो, "मामा, टेकू मी खाणीत इसरलो हुतो."

"ठाव हाय मला. दुसऱ्या दिवशीच कुणीतरी सांगितलं."

"मग तुमी काय बोलला न्हाई?"

"काय बोलू? इसरलास तू, पण खाली शिरलो मी. टेकू न्हाई तर शिरू नये, ह्यो नियम कुणाचा? माजाच की रं गड्या." मग उजव्या हातानं त्यांनी माझा खांदा दाबला. मला वाटतं, शिव्या दिल्या असत्या तर मी लवकर मोकळा झालो असतो. पुढं ते सांगलीला कंत्राटदाराच्या शेडमध्ये मिस्त्री झाले. नवे ड्रायव्हर आधी त्यांच्याकडे पाठवले जात.

अक्काला काही द्यावं असं कामावर सगळ्यांच्याच मनात होतं. मामांच्या बायकोनं लुगडं पाठवलं, ते तिनं घेतलं. मी काय हवं ते विचारलं तेव्हा मात्र "सांगीन म्होरं" म्हणून ती कामाला लागली. उन्हाळा सरता सरता आमचा टप्पा पुरा झाला आणि माझी गाडी वडूजच्या बाजूला दुसऱ्या कामावर जाणार असं ठरलं. तेव्हा ती आली.

"माजं गाव तुज्या वाटंवरच हाय. हिरीला जायाची पाणंद लय वंगाळ हाय. पावसाळ्यात गुडघाभर चिखूल. एक गाडी मुरूम टाक. मुरूम आमच्या माळावर पडलाय तेवढा, भरायला माणसं मी उबी करती."

पेट्रोल तेव्हा कुपनावर, मोजून मिळायचं. मी कंत्राटदाराच्या मॅनेजरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अर्धा दिवस. वर एक फेरी झाली तर मला सांगू नकोस."

अक्का माझ्या शेजारी बसून आली. गाडीत पुढं बसायची तिची पहिलीच वेळ. सगळ्या वाटेनं ती रस्त्याकडे बघत होती आणि कुठं खडी उखडलीय, कुठं पाणी तुंबणार, ते सांगत होती. गावात आमच्याभोवती माणसं जमली. माळावर पुरुषांनी गाडी भरली खरी, पण पाणंदीच्या तोंडाशी आल्यावर वाद सुरू झाला. पाटलाच्या भावकीतला एक जण म्हणाला, "पयला मुरूम चावडीम्होरं पडू द्या."

अक्का खाली उतरली. "चावडीम्होरनं डोईवर हंडा घिऊन कोण जातंय? तुमी जाता व्हय?"

मागून कोणीतरी हसलं. अक्का गाडीच्या पुढं उलटी चालायला लागली, माझ्याकडे तोंड करून, हातानं खुणावत, जरा डावीकडं, आता उचल, हळू, हळू. मी साखळी ढिली ठेवली होती. हौदा वर गेला आणि गाडीमागं मुरमाचा थर पडत गेला. एका खेपेत अर्धी पाणंद झाली. मी गाडी परत माळावर घेतली.

दुसरी खेप विहिरीपर्यंत पुरली. बायांनी पाणी मारलं, अक्कानं दोन पोरींना धुमस कशी धरायची ते दाखवलं, आणि ऊन कलायच्या आत ठोकून झालं. मला भाकरी, झुणका आणि कांदा मिळाला. मी जेवत होतो तेव्हा तिची सासू, पार वाकलेली म्हातारी, काठी टेकत नव्या मुरमावरून विहिरीपर्यंत जाऊन आली आणि माझ्यासमोर येऊन म्हणाली, "टोचतंय जरा."

"चार दिसांत बसंल, आत्याबाई," अक्का म्हणाली.

मी हात धुतले आणि गाडी वडूजच्या रस्त्याला लावली.