शालूताईंचा न संपलेला वाद

शालूताई गेल्याची बातमी आली ती नेमकी त्याच ग्रुपवर, जिथे आम्ही दोघं वर्षभर वाद घालत होतो. त्यांच्या मुलीनं, नेहानं, दोनच ओळी लिहिल्या होत्या. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या माझ्या घरी मी त्या पुन्हा पुन्हा वाचत बसलो...

ग्रुप रायपूरच्या मराठी मंडळींचा. मी निवृत्त शिक्षक. शालूताईंची सगळी नोकरी रेल्वेच्या चौकशी खिडकीवर गेलेली. माणसासारखं बोलणारी ही नवी यंत्रं म्हणजे नेमकं काय, यावरून आमचं जुंपलं. ‘नुसते पोपट. पुढच्या शब्दाचा अंदाज बांधतात, समजत काही नाही,’ मी ठासून लिहिलं. त्यांनी आधी माझं म्हणणं माझ्यापेक्षा नीट मांडलं, ‘बरोबर समजले ना, सर?’ असं विचारलं आणि मग लिहिलं, ‘मी तीस वर्षं गाडी न पाहता, ती कुठं पोचली ते लोकायले सांगितलं. मग मले गाडी समजत नव्हती का?’

मी चिडलो. ‘खिडकीवर बसून तत्त्वज्ञान येत नसतं,’ असं सगळ्यांसमक्ष लिहून बसलो. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. अपमानाबद्दल अक्षर नाही. ‘विचार केला, सर. मी निदान गाडीत बसले होते, यंत्र कधीच बसलं नाही. हा मुद्दा तुमचा. पण अंदाज बांधता बांधता समज येऊच शकत नाही, हे काहून इतकं पक्कं?’

मला माझीच लाज वाटली. माफी मागायला पुरानी बस्ती भागात त्यांच्या घरी गेलो. दारातच हसल्या. ‘माफी राहू द्या. मुद्द्याचं उत्तर आणलं का?’

घरी येऊन ग्रुपवर लिहिलं, ‘पोपट हा शब्द मी मागे घेतो. मला नक्की माहीत नाही.’ चाळीस वर्षं शिकवलं, पण हे वाक्य चारचौघांत पहिल्यांदाच लिहिलं. त्यानंतर वाद थांबला नाही, उलट रंगला. कधी न बोलणारेही प्रश्न विचारू लागले. आजारपणातही त्या लिहीत राहिल्या, शेवटी शेवटी एकेक ओळ...

त्या गेल्यावर तीन आठवड्यांनी त्यांच्या खोलीत गेलो. खिडकीपाशी त्यांची वेताची खुर्ची रिकामी होती. नेहानं चहा दिला आणि विचारलं, “अंकल, आखिर सही कौन था? मम्मी या आप?”

“ठरलं नाही, बेटा. आम्ही अजून शोधूनच राहिलो होतो.”

ती आईच्या खुर्चीत बसली आणि अडखळत, मराठीत म्हणाली, “मग मले सांगा न... पहिल्यापासून.”