तांब्यातली मोटर

माझी रिमोटची गाडी म्हणजे क्रॉलर, दगडांवर रांगत चढणारी. इथे परदेशात, आमच्या टार्निट उपनगरातल्या ओढ्याकाठचा एक दगड तिने सोडला नव्हता. आणखी महिनाभर चालली असती तर मला हिमालय मागवावा लागला असता. पण मोटरमधले कार्बनचे ब्रश झिजून तांदळाच्या कण्या झाले, आणि गाडी चढावर हुंदके द्यायला लागली.

नवी मोटर आणली. नव्या मोटरला बसवण्याआधी आंघोळ घालतात. पाण्यात बुडवून दोन साध्या सेलवर थोडा वेळ फिरवली की ब्रश आत नीट बसतात. पाणी मात्र काळं होतं. बुडेल इतकं खोल भांडं एकच सापडलं, ओट्यावरचा तांब्याचा तांब्या.

तेवढ्यात ऑफिसचा कॉल आला. मोटर उचलली, तांब्या तसाच राहिला. परत येतो तर तांब्या घासून पालथा!

ठाण्याहून आलेले सासरे रोज दुपारच्या झोपेनंतर त्याच तांब्यातलं पाणी पितात. म्हणजे ते काळं पाणी त्यांच्या पोटात!

विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन लावला.

"काय प्यायले?"

"मोटर."

"मोटर ऑइल?"

"नाही हो, मोटरच्या आंघोळीचं पाणी!"

फोनवरची बाई म्हणाली, घोटभर असेल तर बहुधा काही होणार नाही. पण किती प्यायले ते त्यांना विचारा, आणि उलटी झाली तर लगेच फोन करा.

विचारायचं म्हणजे सांगायचं! मी सोफ्यावर त्यांच्यासमोर बसलो. ते खोकले, मी मनात अँब्युलन्स बोलावली. त्यांनी जांभई दिली, मी मनात त्यांचे दिवस घातले.

"बाबा, आज पाणी जरा वेगळं लागलं का?"

"छे! मस्त होतं."

"किती प्यायलात?"

"जावईबापू, पाणीही मोजून देणार का आता?"

मग मात्र मी सगळं ओकलो. ते पांढरेफटक पडले.

"एकच घोट घेतला," ते हळूच म्हणाले. "बाकीचं सिंकमध्ये ओतलं. लेकीच्या घरच्या पाण्याला नावं कशी ठेवायची?"

"अहो, पण काळं होतं ना!"

"मला वाटलं, इथलं असंच असेल."

बाहेर बायकोची गाडी लागली. मी उठायला गेलो, तर त्यांनी हात पुढे केला.

"तिला सांगा, पण आधी माझी नाडी बघा."

मी मनगट धरलं. धडधड जोरात होती. त्यांची की माझी, कळेना.