बावीस

गाडीच्या डॅशबोर्डवर बोटभर लांबीची एक जाळी असते. ती कशासाठी, हे मला काल कळलं. गॅरेजवाल्या सलीमभाईंनी ती ब्रशने उकरली आणि आतून राख सांडली. डॅशबोर्डवरच्या गणपतीला मी रोज उदबत्ती लावतो, तिची.

"गाडी इथून आतली हवा हुंगते," ते म्हणाले. "हे चोंदलंय, आतला सेन्सरही गेलाय. तिला वाटतंय, सगळं गारच आहे. मग एसी कशाला वाढवेल ती?"

"पण समोर तर बावीस दिसतंय."

"तो तुम्ही मागितलेला आकडा आहे, साहेब. आत किती आहे, ते तो सांगतच नाही."

मला एकदम मागची सीट आठवली. मेच्या उन्हात मी बाबांना डायलिसिसला नेतो. पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, "उकडतंय रे." माझ्या तोंडावर थोडा वारा येत होता. वळूनही न बघता मी म्हटलं, "बावीसवर आहे, बाबा." दुसऱ्या खेपेलाही तेच. मग ते बोलायचे थांबले आणि मी समजलो, आता बरं वाटतंय त्यांना.

ज्या घरात कुणाचीच तक्रार नसते, त्या घराची कालपासून मला भीती वाटते.

नवा सेन्सर यायला चार दिवस आहेत. आज सगळ्या काचा उघडल्या, आरशात बघत विचारलं, "बाबा, उकडतंय का?"

त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांनी आधी समोरच्या आकड्याकडे पाहिलं.

"नाही रे," ते म्हणाले. "बावीस आहे ना."