हरवलेल्या चंद्राची तिसरी तारीख

माया चहाचा पहिला घोट उभ्यानेच घ्यायची. एसटीत ड्रायव्हरच्या मागची खिडकी धरायची. इन्सुलिन टोचताना दहापासून उलटे आकडे मोजायची. घरात शिरताना चपला एकीवर एक ठेवायची. आणि हातात आलेली कुठलीही वस्तू, वाटी असो, बांगडी असो की लग्नाची पत्रिका, एकदा उजेडाकडे धरून पाहायची.

ही शेवटची सवय नोकरीने लावलेली. वरवे बुद्रुकजवळच्या एका लहानशा कारखान्यात ती रबरी वायसर तपासायची. वायसर तीनदा बघायचा. समोरून, मागून, कडेने. तिन्ही वेळा चोख असला तर ओकेच्या ट्रेमध्ये. एकदा जरी खोट दिसली तर रिजेक्ट. रिजेक्टची नोंद ठेवायची नाही, तो माल दुपारी दळायला जायचा. नऊ वर्षं तिने हेच केलं.

सुपरवायझर गोरख म्हणायचा, "मायाताईंच्या नजरंतनं खोट सुटत न्हाई. म्हणून तर लगीन जमंना."

"तुमची तर लांबनंच दिसती," माया मान वर न करता म्हणायची. "उजेडाकडं धरायचीबी गरज न्हाई."

चंद्र तिच्याकडे आला तो शेफालीमुळे. शेफाली मायाच्याच गल्लीतली, मराठीत एम. ए. झालेली, नोकरी शोधणारी. एका रविवारी तिने गंमत म्हणून लॅपटॉपवर एक आवाहन दाखवलं. गुरू ग्रहाला मोठ्या चंद्रांशिवाय कितीतरी बारके चंद्र आहेत. त्यातला एक, दोन-अडीच किलोमीटरचा वेडावाकडा दगड, वीस वर्षांपूर्वी कुणीतरी महिनाभर पाहिला आणि मग तो हरवला. त्याला नाव नाही, नुसता क्रमांक. गुरू स्वतःभोवती फिरतो त्याच्या उलट दिशेने हा गुरूभोवती फिरतो. मोठ्या दुर्बिणींची जुनी चित्रं सगळ्यांना खुली आहेत. ज्याला हौस असेल त्याने शोधावा.

एका संचात तीन चित्रं, तासातासाच्या अंतराने काढलेली. तारे जागचे हलत नाहीत. चंद्राचा ठिपका मात्र गुरूच्या चालीने, दर चित्रात पेरभर सरकतो.

"म्हंजी वायसरच की," माया म्हणाली आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

तीन महिन्यांत तिला तो दोन वेगवेगळ्या तारखांना सापडला. शेफालीने इंग्रजीत कळवलं. उत्तर आलं: शाबास, पण दोन तारखांवरून वाट पक्की होत नाही. तिसरी हवी.

त्याच आठवड्यात पुण्याच्या डॉक्टरांनी तिचे डोळे तपासले. लहानपणापासूनच्या साखरेने उजवा डोळा आधीच गेला होता. आता डाव्याच्या पडद्यात रक्त झिरपत होतं.

"किती दिवस दिसंल?" तिने विचारलं.

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

लेसर झालं. कारखान्यातून सुटली की ती लॅपटॉपसमोर बसायची. तिची आई जाईबाई भाकरीचं ताट शेजारी सरकवून म्हणायची, "त्या धोंड्याला डोळं वाहिलेस व्हय गं?"

"गेल्यावर कुणाला वाहू?"

अकरा महिन्यांत दोनशे चौदा संच झाले. तिसरी तारीख सापडली नाही.

शेवटचा संच संपला त्या दुपारी शेफालीने सहज विचारलं, "माया, चंद्र नेमका एखाद्या ताऱ्यापुढं आला तर? ताऱ्याच्या उजेडात बुडणार नाही का?"

मायाचा हात माऊसवरच थांबला.

ठिपका पहिल्या चित्रात असायचा, तिसऱ्यात असायचा, मधल्यात नसायचा. असं कितीदा तरी झालं होतं. तीनपैकी एकात खोट. तिचा हात आपोआप पुढच्या संचावर गेला होता.

"किती होते तसे?"

"धा. वीस. काय म्हाईत."

"कुठं लिहिलेत?"

"रिजेक्टचं कुणी लिहितं का गं?" माया म्हणाली.

तिने पहिल्या संचापासून पुन्हा सुरुवात केली. आता एक संच बघायला पूर्वीच्या तिप्पट वेळ लागायचा. कारखान्यात खोटा माल ओकेच्या ट्रेमध्ये जाऊ लागला. गोरख चेष्टा करायचा थांबला. त्याने तिला पॅकिंगला बसवलं. आपली नजर उतरलीय हे तिला तेवढ्याने कळलं.

एकशे बारावा संच संपला त्या सकाळी स्क्रीनवर वरून काळे धागे उतरले.

"शेफे, हितं जाळं लागलंय का?"

"कुठं? नाही गं."

मायाने स्क्रीन पुसली. पुन्हा पुसली. मग ओढणीचं टोक डोळ्यावर दाबून बसली.

ऑपरेशन झालं. नंतर तिला फक्त उजेड आणि अंधार कळू लागले. चौथ्या दिवशी तिने शेफालीला बोलावून घेतलं.

"एकशे तेरा लाव. तू बघ. मी विचारते."

शेफाली बघू लागली. काळ्यावर हजारो पांढरे ठिपके. ती पहिलं आणि तिसरं चित्र पुढेमागे करत राहिली.

"काय हलतंय?"

"सगळंच हलल्यासारखं वाटतंय."

"सगळं हलत न्हाई! एकच हलतं!" माया ओरडली. आजवर ती शेफालीवर कधी ओरडली नव्हती. आतून जाईबाई धावत आली आणि दारातच उभी राहिली.

शेफालीने त्या माउलीकडे पाहिलं. मायाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"दिसला," ती म्हणाली.

मायाने उजवा हात पुढे केला. "पहिल्या चित्रात माझं बोट तिथं ने."

शेफालीने तिचं बोट काचेवर एका जागी टेकवलं.

"आता तिसरं चित्र लाव. बोट तिथं ने."

शेफालीने बटण दाबलं आणि बोट सरकवलं. घाईत, अंदाजाने. मायाचं बोट काचेवरून वीतभर गेलं.

"दोन तासांत एवढा?" माया हळूच म्हणाली. "गुरू एवढा पळत न्हाई, शेफे."

"माया, मला वाटलं..."

"मला खोटी तारीख नको." तिने बोट काढून घेतलं. मुठीत धरलं. "त्यापरीस हरवलेला बरा."

त्या दिवसानंतर तिने लॅपटॉप मागितला नाही. शेफालीने दोनदा स्वतःहून विचारलं, तेव्हा ती भिंतीकडे वळून झोपली.

लॅपटॉपवर तिची यादी तशीच आहे. एक ते एकशे बारा, प्रत्येकापुढे दुसऱ्या फेरीची खूण. एकशे तेराव्याचं पहिलं चित्र उघडलेलं, तिसरं उघडलेलं. मधलं बघायचं राहिलं. एकशे चौदापासून पुढचे सगळे संचही.