खुर्च्यांचा हलवाई

माझ्या मामाला त्याच्या थिएटरात सगळे हलवाई म्हणतात. त्याने आयुष्यात कधी कढईला हात लावलेला नाही. तो खुर्च्या हलवतो. पडद्यावरचं यान डावीकडे कललं की प्रेक्षकाची खुर्चीही डावीकडे कलली पाहिजे, इंजिन धडधडलं की पाठीत थरथर आली पाहिजे. या हालचाली सिनेमाबरोबरच ठरून येतात, पण कुठला धक्का किती जोराने द्यायचा हे मामा बघतो. खेळाआधी तो एकेका खुर्चीवर बसून येतो. "धक्का लागला पाहिजे, टोचता कामा नये," असं त्याचं मत आहे.

खेळ सुरू झाला की तो पुढच्या दाराशी पडद्याकडे पाठ करून उभा राहतो आणि माणसं बघतो. अवकाशातले सिनेमे त्याच्या खास आवडीचे. पडदा दोन्ही बाजूंनी वळत कानांपर्यंत येतो, आवाज छतातून उतरतो, आणि थ्रीडीच्या जाड चष्म्यांमागची शहाणीसुरती माणसं बघता बघता लहान होतात. मामाने त्यांच्या तऱ्हा पाडल्या आहेत. झेलणारे असतात, ते तरंगत आलेला स्क्रू पकडायला हात पुढे करतात. चुकवणारे उल्का दिसली की शेजाऱ्याच्या मांडीवर कलंडतात. एक आजोबा तर उल्केलाच "अरे, हळू" म्हणाले होते. आणि मग मख्ख. "मख्ख माणूस दिसला की मला जेवण जात नाही," मामा म्हणायचा. हे म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर कोण असायचं, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मामी शहर बस चालवते. खड्डे, वळणं, अचानक आडवी येणारी माणसं, सगळं पोटात घालून संध्याकाळी शांतपणे घरी येणारी बाई. थिएटर नवं होऊन वर्ष उलटलं तरी ती तिकडे फिरकली नव्हती.

"खुर्ची हलत असेल तर सुतार बोलवावा. तिकीट कसलं लावता?" ती म्हणायची.

यावर मामाही हसायचा. पण यजमान काय करतात असं कुणी विचारलं की ती "सिनेमात आहेत" एवढंच म्हणून विषय बदलायची, तेव्हा तो हसत नसे. तिने एकदा त्या खुर्चीत बसावं आणि तिला काहीतरी व्हावं, एवढंच त्याला हवं होतं.

शेवटी तिच्या सुट्टीच्या दिवशी मीच तिला दुपारच्या खेळाला ओढून नेलं. बर्फाळ चंद्रावरून पाणी घेऊन निघालेलं यान, त्याची कप्तान एक बाई. गरगर फिरणाऱ्या स्थानकाला तिला ते यान जोडायचं होतं, आणि वेग काही केल्या कमी होत नव्हता. खुर्च्या थरथरू लागल्या. मागून कुणीतरी "आई गं" म्हणालं, पलीकडच्या अनोळखी बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. मी मामीकडे पाहिलं. चेहऱ्यावरची रेघही हलली नव्हती. दाराशी उभा असलेला मामाही तिलाच बघत होता, आणि त्याचे खांदे पडले होते.

मग त्याची नजर खाली गेली. मीही खाली पाहिलं. मामीचा उजवा पाय खुर्चीच्या पायपट्टीवर होता आणि ती तो जीव खाऊन दाबत होती.

खेळ सुटल्यावर मामा जिन्यातच आडवा आला. "कसं वाटलं?"

"बरं होतं."

"मग पाय का दाबत होतीस?"

"कुठला पाय?"

"उजवा."

मामीने स्वतःच्या पायाकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. "ती बया भरवेगात वळण घेते. मी काय हातावर हात ठेवून बसू?"

जिना उतरणारे चार लोक हसले. मामी नाही हसली. "पण अहो, तुमचा ब्रेक खोटा आहे. गाडी थांबते तेव्हा माणूस आधी पुढे फेकला जातो, मग मागे आदळतो. तुमची खुर्ची नुसती मागे आदळते."

"पुढचा धक्का मीच कमी केलाय. लोक घाबरतात."

"मग तिकीट काढून कशाला आलेत?"

दुसऱ्या दिवशी मामाने पुढचा धक्का वाढवला, स्वतः बसून पाहिला, थोडा कमी केला, परत वाढवला.

पुढच्या सुट्टीला मामी आपणहून आली, आणि एकटी नाही. डेपोतले ड्रायव्हर आणि कंडक्टर मिळून तिने एक अख्खी रांग भरली. मी त्यांच्या मागे बसले. गडी सराईत होते, चष्मे घालतानाच एकमेकांना "सुट्टे द्या" म्हणत होते. यान स्थानकाकडे झेपावलं तसे सगळे गप्प झाले. ब्रेक लागला. खुर्च्यांनी आम्हाला पुढे फेकलं, आणि त्या अख्ख्या रांगेतले ड्रायव्हर एकदम उजवा पाय दाबून बसले. कंडक्टरांचे हात सरळ वर गेले, तिथे नसलेली दांडी पकडायला. थिएटरात एकच कल्लोळ उठला. लोक ओरडत होते, हसत होते, कुणी शिट्टी मारली. यान स्थानकाला लागताच एका कंडक्टरने खणखणीत आवाजात सांगितलं, "चला, शेवटचा स्टॉप."

मामीचा पाय या खेपेला उचललेला होता. चष्मा काढून, पडद्याकडे पाठ करून ती वळून बसली होती. तिच्या शेजारी वर गेलेल्या हातांची ती सगळी रांग होती, समोर उघड्या तोंडांच्या कितीतरी रांगा, आणि ती एकेक चेहरा बघत होती. मामा दाराशी उभा राहून वर्षभर हेच बघत आला होता.

माझ्या शेजारचे गृहस्थ अजून धापा टाकत होते. पुढे वाकून त्यांनी तिला विचारलं, "बाई, या खुर्च्या हलवतं तरी कोण हो?"

मामीने दाराकडे मान वळवली.

"आमचे हे," ती म्हणाली.